नऊ लाख भरण्याआधी

सोलापूरहून एका चोवीस वर्षांच्या वाचक मुलीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा : बारावी सायन्सला मार्क कमी पडले म्हणून बी.कॉम. केलं. गेली अडीच वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. वडिलांचे आठ माग, कारखाना घराला लागूनच. सिनेमाचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन दिग्दर्शक व्हायचं आहे. मुंबईतल्या एका खासगी संस्थेने एक वर्षाच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाला नऊ लाख फी सांगितली आहे आणि जागा धरून ठेवायला दहा दिवसांत पन्नास हजार भरा म्हणतात. स्वतःची शिल्लक एक लाख साठ हजार. वडील दोन माग विकायला तयार आहेत. आई म्हणते, आधी लग्नाचं बघू. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेची परीक्षा आपल्याला जमणार नाही, तिथे जागाच किती असतात, आणि तोवर वय निघून जाईल, अशी धास्ती. शेवटचा प्रश्न : "पैसे भरू की स्वप्न सोडू?"

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या पानावर 'दिग्दर्शन' हा शब्द नऊ वेळा आलाय, पण त्याच्या आगेमागे एकही प्रसंग नाही. तिसऱ्या पानावर मात्र तुम्ही सहज लिहून गेलात : "दुपारी लाइट गेली की आठही माग एकदम थांबतात. आधी कान दडे बसल्यासारखे होतात. मग शेजारच्या कुकरची शिट्टी, मग कांड्या भरणाऱ्या मावशींचं बोलणं. त्या माग चालू असतानाही बोलतच होत्या, हे तेव्हा कळतं." त्याच पानावर मामेभावाच्या लग्नाच्या व्हिडिओची गोष्ट आहे. अक्षता पडतानाचं बँडचं वाजवणं काढून तुम्ही तिथे मामींच्या हुंदक्याचा आवाज ठेवलात, आणि व्हिडिओवाल्याने "असं करत नसतात" म्हणून तो परत बदलला.

या दोन्ही नोंदी ध्वनीच्या आणि संकलनाच्या, म्हणजे एडिटिंगच्या, माणसाच्या आहेत. तुम्ही दिग्दर्शन करू नये असं मी म्हणत नाही. पण सिनेमा शिकायचा म्हणजे दिग्दर्शनच शिकायचं, हे तुम्ही कधी ठरवलंत ते पत्रात कुठेच सापडत नाही. बहुतेकांचं तसंच होतं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला पोस्टरवरचं तेवढं एकच नाव माहीत असतं. चांगल्या फिल्म संस्थांत प्रवेश 'सिनेमा'ला मिळत नाही, शाखेला मिळतो : दिग्दर्शन व पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन. अर्ज भरतानाच शाखा निवडावी लागते. पुढची तीन वर्षं तुम्ही रोज कुठल्या खुर्चीत बसणार, हे त्या एका रकान्यात ठरतं. संकलकाची खुर्ची म्हणजे अंधाऱ्या खोलीत दहा-दहा तास एकाच प्रसंगाशी झटापट. ध्वनीची म्हणजे शूटिंगला हेडफोन लावून, सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असताना एकट्याने कान देऊन उभं राहणं, आणि नंतर महिनोन्महिने आवाजाचे थर लावत बसणं. दिग्दर्शकाची म्हणजे सकाळी सातपासून साठ माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. यातलं कुठलं काम कंटाळा आला तरी चालू ठेवाल, हे स्वतःला विचारा.

आता बारावी सायन्सचं. ती दोन वर्षं वाया गेली, असं तुम्ही ओशाळून लिहिलंय. एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन किंवा संकलनासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.कॉम.सुद्धा. ध्वनी शाखेसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट माहितीपत्रकात दिसत आलेली आहे. कॉमर्स घेतलेले कितीतरी जण तिथेच अडतात, तुम्ही अडत नाही. तरी ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या माहितीपत्रकातली पात्रता शब्दन् शब्द वाचा. अटी, परीक्षेचं स्वरूप आणि फी अधूनमधून बदलतात, आणि गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबून अर्ज बाद झालेले लोक आहेत.

दुसरं गृहीत. "नागराज मंजुळे कुठे फिल्म स्कूलला गेले होते?" असं एका ठिकाणी विचारता आणि पुढच्याच परिच्छेदात "शिक्षणाशिवाय कुणी उभं करणार नाही" असंही म्हणता. दोन्ही अर्धीच खरी आहेत. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या मंजुळेंनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं आणि त्यानंतर नगरच्या महाविद्यालयात कम्युनिकेशन स्टडीजचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शिक्षण होतं, फक्त ते नऊ लाखांचं नव्हतं आणि मुंबईतही नव्हतं. उलट बाजूने, शूटिंगवर किंवा एडिट रूममध्ये सहाय्यक घेताना पदवी कुणी मागत नाही. काम दाखव म्हणतात. पदवीचा कागद लागतो तो शिकवायचं असेल तर : महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. हा दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर कुठल्याही संस्थेत पाय ठेवण्याआधी मिळणारी गोष्ट पदवी आहे, पदविका आहे की नुसतं प्रमाणपत्र, आणि तिला मान्यता कुणाची, हे लेखी विचारा.

मग इतका खटाटोप करून फिल्म संस्था देते काय? उपकरणं आता घरीही येतात. संस्था देते ती वेळ, आणि तुमच्याइतकीच वेडी झालेली आठ-दहा माणसं, जी पुढची वीस वर्षं तुम्हाला कामाला बोलावतात. शिवाय तुमचं काम समोर लावून "हे इथे का कापलंस?" असं विचारणारे शिक्षक. या तीनपैकी किती गोष्टी मिळणार, यावर संस्थेची किंमत ठरवायची.

त्या मुंबईच्या संस्थेला या आठवड्यात फोन करा आणि एवढं विचारा. एका कॅमेऱ्यामागे विद्यार्थी किती? वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे किती प्रोजेक्ट मिळतात, आणि त्यांचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? आवाज शूटिंगच्या वेळीच घेतात की नंतर डब करतात? मागच्या तुकडीच्या सगळ्या फिल्म पाहायला मिळतील का? 'निवडक' दाखवल्या तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेलच. नियमित शिकवणारे कोण आणि एकदाच व्याख्यान देऊन जाणारे कोण? प्रवेश रद्द केला तर पैसे कधी आणि किती परत मिळतात, हे कागदावर द्या. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर पन्नास हजार भरू नका. प्रवेश परीक्षा न घेता, तुमचं कामही न पाहता 'दहा दिवसांत जागा जाईल' म्हणणाऱ्या ठिकाणची जागा सहसा जात नाही.

आकडेही मांडू, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगले कळतात. नऊ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १५,४०० रुपये. अभ्यासक्रमाच्या वर्षभराचं व्याज त्यावर वेगळं. सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर बँका तारण मागतात. म्हणजे घर किंवा कारखाना. अभ्यासक्रमाला मान्यता नसेल तर बँक सहसा शैक्षणिक कर्ज नाकारते, मग उरतं महागडं पर्सनल लोन. मुंबईत कॉट बेसिसवर राहणं-खाणं, संकलन झेपेल असा किमान १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, स्वतःच्या फिल्मचा खर्च, हे सगळं फीच्या बाहेर. आणि शिकून बाहेर पडलेल्या सहाय्यकाला पहिली दोन वर्षं दरमहा हप्त्याएवढे पैसे सुटतीलच, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. आठांतले दोन माग विकणं म्हणजे मागांच्या कमाईचा चौथा हिस्सा विकणं. बाबांनी हो म्हटलंय ते प्रेमापोटी. हिशेब तुम्हीच त्यांच्यासमोर ठेवायला हवा. माझं स्पष्ट मत : या संस्थेत यंदा पैसे भरू नका.

स्वप्न सोडायचं कारण मात्र दिसत नाही. चोवीसाव्या वर्षी वय निघून जात नाही. पदवीनंतर तीन-चार वर्षं दुसरीकडे नोकरी करून फिल्म संस्थेत आलेले विद्यार्थी दरवर्षी असतात, आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडेच जास्त असतं.

एफटीआयआयला एक पूर्ण वर्ष द्या. १९६० साली प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली, सरकारी आहे, आणि तिथली फी खासगी संस्थेच्या तुलनेत खूपच कमी. एकेका शाखेत जेमतेम दहा-पंधरा जागा असतात, ही तुमची भीती खरी आहे. म्हणूनच अर्ज एकाच दारात टाकायचा नाही. १९९५ साली स्थापन झालेली कोलकात्याची सत्यजित राय संस्था असेच तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालवते. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या मास कम्युनिकेशन केंद्राचं दोन वर्षांचं एम.ए. आहे, त्यात माहितीपट करायला मिळतात आणि हातात रीतसर पदवी पडते. माहितीपटाकडे ओढ असेल तर अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा फिल्म आणि व्हिडिओचा एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) हाही पाहा, पण तिथली प्रवेश परीक्षा डिझाइनच्या अंगाने असते, तयारी वेगळी लागते. आपल्या सोलापूर विद्यापीठातलं जनसंज्ञापनाचं एम.ए. घरी राहून, कमी खर्चात होतं आणि नेटसाठी चालतं. त्यातून सिनेमाचा हात बसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो स्वतःच बसवावा लागेल.

परदेशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतला एमएफए, म्हणजे कलेची पदव्युत्तर पदवी, साधारण तीन वर्षांचा असतो आणि शिष्यवृत्तीशिवाय तुमच्या घराला तो झेपणार नाही. 'डॉकनोमॅड्स' हा माहितीपटाचा दोन वर्षांचा संयुक्त मास्टर्स मात्र नोंदवून ठेवा. लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रसेल्स अशा तीन शहरांत तो होतो, शिकवणं इंग्रजीत, आणि निवडक विद्यार्थ्यांना युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळते. तिथेही पहिल्यांदा तुमचं काम पाहतात.

म्हणजे कुठेही जा, काम हवं. ते सोलापुरातच, नोकरी सांभाळून होतं, आणि विषय तुम्ही पत्रात लिहूनच पाठवलाय : लाइट जाते तेव्हाचा कारखाना. चार मिनिटांची फिल्म, त्याहून मोठी नाही. ती कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या फिल्मचा घात याच बारीक गोष्टी करतात.

आधी नुसता आवाज घ्या, कॅमेरा नको. फोनचा नेहमीचा रेकॉर्डर वापरलात तर फसगत होईल. माग चालू असताना तो आपोआप पातळी खाली ओढतो, आणि माग थांबले की लगेच वर चढवतो. तुम्हाला ऐकू आलेली ती दडे बसवणारी शांतता रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर होऊन येते. त्यामुळे पातळी हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप किंवा छोटा रेकॉर्डर घ्या. फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मागाचा सर्वांत मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा आणि माग थांबल्यावरही तिला हात लावू नका. मावशींचं बोलणं त्या पातळीवर फार हळू येईल, म्हणून त्यांच्या पदराला दीड-दोन हजारांत मिळणारा कॉलर माइक लावून ते दुसऱ्या फोनवर वेगळं घ्या. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग नंतर जुळवता येतील. तोच माग तीन ठिकाणांहून रेकॉर्ड करा : हातभरावरून, कारखान्याच्या दारातून आणि गल्लीच्या टोकावरून. शेवटी कुणीही न बोलता रिकाम्या कारखान्याचा एक मिनिट आवाज घेऊन ठेवा. संकलनात दोन तुकड्यांमधली भोकं त्यानेच बुजतात. लाइट कधी जाईल याची वाट बघत बसू नका. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाबांना सांगून आठही माग एकदम बंद करून घ्या.

चित्रीकरणात पहिली अडचण येते ट्यूबलाइटची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं, आणि चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. तो २५ वर आणा आणि शटरचा वेग सेकंदाच्या एक पन्नासांश किंवा एक शंभरांशवर पक्का करा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही बांधून ठेवता येतात. कापसाचे बारीक तंतू लेन्सवर आणि माइकवर बसतात, दर अर्ध्या तासाने मऊ कापडाने पुसा. आणि हे तुम्हाला बाबांनी लहानपणीच बजावलं असेल, तरी कॅमेरा हातात असला की भान राहत नाही म्हणून लिहितो : धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा वेगाने इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, रेषेत उभं राहू नका. तो उडाला तर कॅमेरा वाचेल, डोळा वाचणार नाही. ओढणी आणि माइकची वायर पट्ट्यापासून लांब. मावशींची परवानगी आधी घ्या, कागदावर सही घ्या, आणि झालेली फिल्म त्यांना दाखवल्याशिवाय कुठेही पाठवू नका.

संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पहिला कट सहा-सात मिनिटांचा होईल. तो आठ दिवस बाजूला ठेवा. मग एकदा चित्र बंद करून नुसतं ऐका, एकदा आवाज बंद करून नुसतं पाहा. दोन्ही वेळा जिथे लक्ष उडतं तिथे कापा. सगळी फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. डिस्क पडून अख्खी फिल्म गेलेले विद्यार्थी दर तुकडीत सापडतात. ही झाली की दुसरी फिल्म वेगळ्या जातीची करा, दोन माणसं आणि लिहिलेले संवाद असलेली. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे म्हणून नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग करण्याचा मोह होईल. नंदीध्वजांच्या सात काठ्या, गर्दी, हलगी, सगळं देखणं असतं. पण तिथे तुम्हाला निवड करावी लागत नाही, समोर जे येतं ते टिपायचं. परीक्षकाला तुमची निवड पाहायची असते.

परीक्षेची तयारी रोज तासभर पुरे. आठवड्याला एक फिल्म नीट पाहा आणि तिच्यातला पाच मिनिटांचा एक प्रसंग वहीत उतरवा : किती तुकडे, प्रत्येक किती सेकंदांचा, चौकटीत कोण, आवाज कुठून येतो, तुकडा नेमका कुठे कापलाय. तीस प्रसंग असे उतरवलेत की मुलाखतीत बोलायला शब्द शोधावे लागणार नाहीत. वाचन बरंचसं इंग्रजीत असेल. व्याकरणाची भीती नको, पण ऑफिसात इंग्रजी ई-मेल लिहिणाऱ्या मुलीने "माझं इंग्रजी कच्चं" म्हणून अर्जच न भरणं मला पटत नाही. दर वर्षी उन्हाळ्यात पुण्यात एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून काही आठवड्यांचा रसास्वाद अभ्यासक्रम घेतात. रजा मिळाली तर तो करा. तिथे दिवसभर सिनेमा पाहून संध्याकाळी त्यावर बोलताना तुमचं मन कुठे रमतं, ते नऊ लाख न घालवता कळेल. रजा नसेल तर पुणे चित्रपट महोत्सवाचे तीन दिवस तरी काढा.

अर्जाच्या निवेदनात "लहानपणापासून सिनेमाचं वेड" हे वाक्य नको. प्रत्येकाच्या अर्जात ते असतं. तिसऱ्या पानावरचा तो परिच्छेद जसाच्या तसा घाला, आणि लग्नाच्या व्हिडिओतला हुंदका का ठेवला ते सांगा.

आईला वर्षाची मुदत मागा, आणि तारीख सांगून मागा. "मला सिनेमा शिकायचाय" याला घरात उत्तर नसतं. "पुढच्या वर्षीच्या निकालापर्यंत स्थळं थांबवा, तोवर मी नोकरी सोडत नाही, माग विकायचे नाहीत" याला असतं. एक लाख साठ हजारांतले तीस-पस्तीस हजार माइक, डिस्क, अर्जाची फी आणि पुण्याच्या खेपांसाठी बाजूला काढा. बाकीचे ठेवीतच राहू द्या. निकालात नाव नसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा सगळीकडे अर्ज करा, आणि दरम्यान पुण्यात एखाद्या एडिट रूममध्ये सहाय्यकाचं काम मागा. तेव्हा दाखवायला दोन फिल्म हातात असतील.

एफटीआयआयची जाहिरात निघायचा नेम नसतो आणि अर्जाची मुदत थोडी असते. म्हणून संकेतस्थळ दर सोमवारी पाहा, आणि बारावी सायन्सची मार्कलिस्ट आत्ताच शोधून स्कॅन करून ठेवा.